फ्रेंच डोअरच्या नावाखाली 1,45,000 रुपये गेले, घराचं काम काढणाऱ्यांनी वाचा

आधीच सांगते, ज्या ठेकेदाराने फसवलं त्याचं नाव इथे लिहिणार नाही, वकिलांनी तशी ताकीद दिलीये. पण आकडे सगळे देणार, लाज वाटायची ती वाटून झाली.

आमचं रो हाऊस जुनं, 9 इंची विटांच्या भिंती. हॉलला अंगणाच्या बाजूने तीन खिडक्या, प्रत्येकी 5 फूट रुंद आणि 4 फूट उंच, लोखंडी ग्रिलच्या. ग्रिल काढायचं, खालची 3 फूट भिंत फोडायची आणि तिथे यूपीव्हीसीचे, म्हणजे कडक प्लास्टिकच्या चौकटीचे, दोन पल्ल्यांचे काचेचे दरवाजे बसवायचे, हल्ली ज्यांना सगळे फ्रेंच डोअर म्हणतात ते. 5 बाय 7 म्हणजे 35 स्क्वेअर फूट, तिन्ही मिळून 105. पहिल्या फॅब्रिकेटरने, म्हणजे असे दरवाजे बनवणाऱ्याने, स्क्वेअर फुटाला 1,150 चा रेट सांगितला, टफन म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेली काच धरून, वर 18 टक्के जीएसटी. दुसऱ्याचा साधारण तेवढाच. आणि मग हा आला, 850, टफन काचेसकट.

आता कमेंटमध्ये लिहू नका की तिथेच कळायला हवं होतं. स्क्वेअर फुटामागे 300 म्हणजे 31,500 रुपये वाचत होते, पेन्शनीत घर चालवणाऱ्याला हा आकडा काय असतो ते पेन्शनवाल्यांना विचारा. शिवाय माणूस ओळखीतून आलेला, सोसायटीतल्याच एकांकडे त्याने जाळीचं काम केलं होतं आणि ते चांगलं झालंय, मी स्वतः बघून आले होते. नमुना म्हणून प्रोफाइलचा, म्हणजे चौकटीच्या प्लास्टिकच्या पट्टीचा, कापलेला तुकडा घेऊन आला, आत जाड स्टील, "काकू, उचलून बघा किती जड आहे." छापील लेटरहेडवर कोटेशन दिलं, दरवाजे 89,250, तोडफोड आणि राडारोडा उचलणं 16,500, प्लास्टर आणि ग्रॅनाइटचा उंबरा 21,000. एकूण 1,26,750. जीएसटी नंबर पण छापलेला. तो नंबर 14 अक्षरी होता हे नंतर वकिलांच्या लक्षात आलं. खरा 15 अक्षरी असतो, महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो, जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की धंद्याचं नाव समोर येतं. तुम्ही टाकून बघा. घरी आलेल्या माणसाच्या कागदावरची अक्षरं कोण मोजत बसतं?

प्रोफाइल बुक करायचंय म्हणून 70 टक्के मागितले. 88,000 दिले, गूगल पेवर, आणि खात्यावर नाव भलत्याच बाईचं. "मिसेसचं आहे काकू, माझं लिमिट संपलंय." मी जन्मभर बँकेत दुसऱ्यांची व्हाउचरं तपासली, त्यामुळे ही गोष्ट मला जरा जास्तच लागते, पण अर्धी दुनिया बायकोच्या खात्यावर पैसे घेते हेही तितकंच खरं आहे. ॲडव्हान्स 30 टक्क्यांच्या वर देऊ नका, आणि ज्याच्या नावाचं कोटेशन त्याच्याच खात्यावर द्या.

तिन्ही खिडक्या एकाच दिवशी फोडल्या. एक पूर्ण करा मग दुसरी घ्या असं मी म्हटलं होतं, त्यावर धूळ एकदाच होईल म्हणाला आणि ते पटण्यासारखंच होतं ना. भगदाडं पडल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी, "काकू, वरचं लिंटेल कमजोर निघालं, नवीन ओतावं लागेल, नाहीतर स्लॅबची गॅरंटी मी घेणार नाही." लिंटेल म्हणजे खिडकी-दरवाजाच्या वरची काँक्रीटची आडवी तुळई. एका दरवाजाला 14,000, म्हणजे 42,000. वर दोन लोखंडी जॅक लावून ठेवले, बघूनच पोटात गोळा येईल असे. स्लॅबचं नाव काढल्यावर घासाघीस करणारा मला दाखवा. घर उघडं पडलेलं, रात्री कुत्री आत येतात, पावसाळा तोंडावर. दिले. नंतर इंजिनिअर आणून दाखवलं तर त्याने वरचं प्लास्टर टोकरलं आणि आत जुनंच काँक्रीट, नवीन काही ओतलेलंच नाही, नुसता सिमेंटचा पट्टा मारलेला. आणि मुळात गरजच नव्हती! रुंदी वाढवली नाही, फक्त खालची भिंत काढली, तर लिंटेलवरचा भार आधी होता तेवढाच राहतो. रुंदी वाढवत असाल तर गोष्ट वेगळी, मग नवीन लिंटेल लागतं आणि ते दोन्हीकडे भिंतीत निदान 6 इंच टेकलेलं हवं. हे काम काढायच्या आधी इंजिनिअरला विचारा, भिंत फोडल्यावर ठेकेदाराला नाही.

मग टेम्पो आला. एका पोराने चौकट एका हातात, थर्माकोलचं मखर उचलावं तशी उचलून आणली, दुसऱ्या हातात मोबाईल. मी विचारलं, इतकी हलकी कशी? तर म्हणे मल्टिचेंबर आहे, म्हणजे आत पोकळ कप्पे, नवीन टेक्नॉलॉजी. एखादं जोरदार लोहचुंबक लावलं असतं तरी कळलं असतं, आत स्टील असेल तर प्लास्टिकवरून पण ओढ लागते. नुसत्या प्लास्टिकवर 7 फुटी पल्ला वाकतो, घासतो, कुलूप लागत नाही.

पण खरं मला आजही रात्री आठवतं ते काचेचं. पहिल्या दरवाजाची काच अर्धा इंच मोठी निघाली. तो पोरगा व्हरांड्यात बसला, पट्टी ठेवली, कटर ओढला, कर्रर्र आवाज आला आणि बोटभर पट्टी टक्कन तोडून बाजूला काढली. माझ्या डोळ्यांदेखत. टफन काच कापता येतच नाही हो! मापं आणि भोकं सगळं आधी, मग ती भट्टीत तापवून झटक्यात गार करतात, त्यानंतर कटर चालवला तर तिचे बारीक बारीक तुकडे होतात. म्हणजे माझ्यासमोर साधी काच कापली जात होती आणि मी काय केलं, तर चहा ठेवला आणि म्हटलं, बाळा, काचा नीट गोळा कर, नातू रांगतो इथे. आणि त्याच संध्याकाळी "टफनचा रेट वाढला" म्हणून 15,000 पाठवले. नवरा म्हणत होता, 15,000 साठी काम अडवू नकोस. 1,45,000 मधले हे 15,000 मला सगळ्यात जास्त टोचतात. काचेच्या कोपऱ्यात टफनचा बारीक न पुसणारा शिक्का असतो तो बघा, नसेल तर काच उतरवूच देऊ नका.

त्यानंतर त्याचे वडील आजारी, मग तो गावाला, मग फोन बंद. एक दरवाजा लागला, तोही खालच्या चौकटीला पाणी जायची भोकं नसलेला, म्हणजे पहिल्या वळवाच्या पावसात पाणी हॉलमध्ये. बाकी दोन ठिकाणी प्लायवूड.

पोलीस चौकीत गेलो. ऐकून घ्यायच्या आधीच उत्तर तयार, "मॅडम, हे सिव्हिल मॅटर आहे." मी म्हटलं खोटा जीएसटी नंबर, न केलेल्या लिंटेलचे पैसे, यात सिव्हिल काय आहे? तर म्हणे त्याने एक दरवाजा लावलाय ना, मग फसवायचा इरादा कुठे सिद्ध होतो. म्हणजे चोर थोडं सामान ठेवून गेला तर ती चोरी नाही! स्टॅम्प पेपरवर करार आहे का विचारलं, खिडकीच्या कामाला कोण स्टॅम्प पेपर करतं? अर्ज घेतला, पोच मागितली तर साहेब नाहीत. 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन केला, तिथे म्हणाले तुम्ही स्वतः समोरच्या माणसाला पैसे दिलेत, हा सायबर गुन्हा नाही. बँकेने तेच सांगितलं, माझ्याच बँकेने. 1915 च्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली तर कंपनीचा पत्ता द्या, आता कंपनीच खोटी तर पत्ता कुठला देऊ? आणि या सगळ्यात तत्परतेने काम कुणी केलं माहितीये, आरोग्य निरीक्षकाने. ठेकेदार पळाला, त्याचा राडारोडा गेटबाहेर पडलेला, त्याचा 5,000 दंड मला. पावती जागच्या जागी.

ग्राहक आयोगात केस टाकतोय, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या होते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत 2 वर्षं. वकील हवाच असं नाही, पण आम्ही केला. व्हॉट्सॲप चॅट, फोटो, पैशांचे स्क्रीनशॉट डिलीट करू नका, ऑडिओ मेसेज तर अजिबात नाही.

शेवटी त्या पहिल्या 1,150 वाल्याकडेच गेलो. तिन्ही दरवाजे नव्याने, 1,20,750 वर जीएसटी धरून 1,42,485. पक्कं बिल, निम्मे पैसे बसवल्यावर.

परवा भाचीने एका ग्रुपवरची जाहिरात पाठवली. नाव वेगळं, रेट तोच 850, आणि फोटो आमच्या व्हरांड्याचा, माझ्या तुळशीच्या कुंडीसकट. कुणाकडे असं कोटेशन आलं असेल किंवा ॲडव्हान्स गेला असेल तर मला मेसेज करा. आणखी दोघं-तिघं उभे राहिले की इरादा कुठे सिद्ध होतो हे चौकीवाल्यांना विचारता येणार नाही, अर्ज एकत्र द्यायची माझी तयारी आहे.