एअरब्रश, दमट हवा आणि एक काळी-पिवळी बीटल

फेब्रुवारीत मॉडेल गाड्या रंगवायला साडेसात हजारांना एअरब्रश (दाबलेल्या हवेवर रंग फवारणारा पेनाएवढा ब्रश) आणि त्याला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर असा सेट घेतला. आता नोव्हेंबर चालू आहे. मधल्या नऊ महिन्यांत त्यावर दीड गाडी झाली. दीड म्हणजे एकच गाडी, पण तिच्यावर दोनदा रंग चढला आणि एकदा खरवडून काढावा लागला.

सेटचं नाव सांगत नाही, कारण त्याला फारसा अर्थ नाही. हाच काळा कॉम्प्रेसर, हीच तीन लिटरची टाकी आणि हाच ०.३ मिलिमीटर सुईचा ब्रश ऑनलाइन वेगवेगळ्या स्टिकरांखाली मिळतो. कोणताही घेतलात तरी पुढचं बरंचसं तुमच्याही वाट्याला येईल, विशेषतः तुम्ही मुंबईत राहत असाल तर.

आधी हे कशासाठी ते सांगतो. मी तामिया या जपानी कंपनीचं फोक्सवॅगन बीटल १३०० हे जोडायचं प्लास्टिक किट घेतलं होतं, १९६६ सालचं मॉडेल, १:२४ स्केल. म्हणजे खरी गाडी चार मीटरच्या जरा वर, तर ही साधारण १७ सेंटिमीटर. मुलाच्या खेळण्यातल्या गाड्या १:६४ असतात, त्यांच्या शेजारी ही एकदम दांडगी दिसते. फियाटचं, म्हणजे आपल्या पद्मिनीचं किट मला कुठे मिळालं नाही. मग ठरवलं, बीटलच काळी-पिवळी करायची. जर्मन गाडीला मुंबईचा परवाना द्यायचा.

किट जोडण्यात फार काही सांगण्यासारखं नाही. तामियाचे भाग एकमेकांत खटकन बसतात, पातळ सिमेंट (म्हणजे प्लास्टिक चिकटवायचं द्रावण) फटीला टेकवलं की आपोआप आत ओढलं जातं. खरा प्रश्न रंगाचा असतो. रंगाचा थर समजा ०.१ मिलिमीटर झाला. ऐकायला कमी वाटतं, पण १:२४ मध्ये त्याचा अर्थ खऱ्या गाडीवर जवळजवळ अडीच मिलिमीटर जाड लेप. दारांच्या फटी बुजतात, गाडी साखरेच्या पाकात बुडवल्यासारखी दिसते. गॅरेजवाल्यांचा स्प्रेचा डबा मी एका जुन्या बॉडीवर मारून बघितला, तेव्हा नेमकं हेच झालं. मॉडेलसाठी बनवलेले चांगले डबे एरोसॉल असल्यामुळे विमानाने सहज येत नाहीत, म्हणून इथे तुटपुंजे आणि महाग मिळतात. फिरून फिरून गाडी एअरब्रशवरच येते.

पहिले पंधरा दिवस मी फक्त वर्तमानपत्रावर शाई उडवली. ब्रश डबल ॲक्शनचा आहे: खटका खाली दाबला की हवा, मागे ओढला की रंग. बोटाला हे दोन वेगळे हुकूम आहेत हे कळायला वेळ लागतो. रंग किती पातळ करायचा ते सगळे 'दुधासारखा' म्हणून सांगतात. मला विचाराल तर पातळ ताक. वाटीच्या कडेला लावला की खाली उतरावा, पण मागे पुसट पडदा राहावा. दाब १५ ते २० पीएसआय. सुरुवातीला मी ३५ वर मारत होतो, त्यामुळे रंग बॉडीवर पडायच्या आधीच वाळून खरखरीत व्हायचा.

कॉम्प्रेसरच्या खोक्यावर ४७ डेसिबल लिहिलंय. आम्ही लालबागच्या चाळीत राहतो, दहा बाय बाराची खोली, भिंत शेजाऱ्यांबरोबर वाटून घेतलेली. लाकडी पाटावर ठेवला तर भिंतीपलीकडे घुमतो. खाली योगा मॅटचा तुकडा दुमडून घातला, तेव्हा शेजारच्या आजींनी 'आता बरं' म्हणून पावती दिली. टाकी असल्यामुळे तो सारखा चालत नाही. दाब उतरला की सुरू होतो, भरला की बंद पडतो. टाकीशिवायचा स्वस्तात मिळत होता, तो घेतला नाही हे बरंच केलं, नाहीतर हवा धक्क्याधक्क्याने आली असती.

मार्च-एप्रिल मजेत गेले. पांढरा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, त्यावर टपाला पिवळा. पिवळा रंग काळ्यावर झाकत नाही, म्हणून क्रम नेहमी पिवळा आधी, मग टप झाकून काळा. मे महिना प्लास्टिकच्या फटी कोरण्यात आणि टेपचे तुकडे कापण्यात गेला. आणि काळा मारायला मी मुहूर्त काढला तो जूनच्या तिसऱ्या आठवड्याचा.

पाऊस लागून चार दिवस झाले होते. पहिला हात छान बसला. दुसरा हात मारून दोन मिनिटं झाली असतील, तर काळ्या रंगावर पांढरट धुरकट पडदा चढला. आधी वाटलं थिनर खराब आहे. थिनर खराब नव्हता, हवा ओली होती. माझा रंग लॅकरचा, म्हणजे थिनर उडून वाळणारा. हे थिनर झपाट्याने उडतं, उडताना पृष्ठभाग गार करतं, आणि दमट हवेतलं पाणी त्या गार झालेल्या रंगावर बसून आतच अडकतं. थंड बाटलीवर घाम येतो तसंच. काळ्यावर ते जास्त दिसतं, पण होतं सगळ्याच रंगांना.

शिवाय पाण्याचा दुसरा रस्ता आहे, तो कॉम्प्रेसरमधून येतो. हवा दाबली की तापते, नंतर पाइपात गार होते आणि तिथे पाणी सुटतं. सेटबरोबरचा पाणी अडवणारा काचेचा पेला कॉम्प्रेसरलाच चिकटलेला असतो. तिथे हवा अजून गरम असते, त्यामुळे वाफ बिनधास्त पुढे निघून जाते आणि मध्येच ब्रशमधून 'थुक्' करून एक थेंब टपावर. उपाय साधा होता: पाइप लांब घेतला आणि ब्रशच्या मुठीजवळ दुसरा छोटा ट्रॅप बसवला. एक अष्टमांश इंची आटे आहेत, नागदेवी स्ट्रीटला जोडणी मिळून जाते. जुलैत टाकीच्या तळाची चावी उघडली की चमचाभर पाणी निघायचं. ही चावी आहे हेच मला चार महिने माहीत नव्हतं, कारण माहितीपत्रकात तिचं चित्र आहे पण शब्द नाही.

आता गंमत बघा. आमच्या गल्लीपासून पाच मिनिटांवर गणपतीचा कारखाना आहे. जून-जुलै म्हणजे त्यांचा ऐन हंगाम, आणि तिथे भर पावसात रात्रभर कॉम्प्रेसर चालू असतो. एका रात्री जाऊन उभा राहिलो. तिथले दादा पितांबराला शेडिंग मारत होते. मी माझ्या बॉडीचा फोटो दाखवला.

"पांढरं धरलं ना?" न विचारताच त्यांनी ओळखलं. "थिनर गरम आहे तुझं. उतावीळ. त्याला जरा थांबायला शिकव."

'गरम' थिनर म्हणजे झटकन उडणारं. थांबायला शिकवणारी गोष्ट म्हणजे रिटार्डर, उडण्याचा वेग कमी करणारं द्रावण. मॉडेलवाल्यांच्या लेव्हलिंग थिनरमध्ये ते आधीच घातलेलं असतं. हार्डवेअरवाल्याचं एनसी (नायट्रोसेल्युलोज लॅकरचं) थिनर मी फक्त ब्रश धुवायला ठेवलंय. ते उघड्या प्लास्टिकवर गेलं तर पृष्ठभागाला सुरकुत्या पडतात. पांढरटपणा ताजा असेल तर नुसतं लेव्हलिंग थिनर हलकं फवारलं की रंग पुन्हा ओला होतो, अडकलेलं पाणी निघून जातं आणि काळा पुन्हा काळा दिसतो. हे मी स्वतः करून बघितलंय. माझी बॉडी मात्र तोवर आठवडाभर तशीच पडली होती.

दादांचा दुसरा सल्ला माझ्या अंगाशी आला, त्यात त्यांचा दोष नाही. कारखान्यात मूर्ती सुकवायला हॅलोजन लावतात. मी पण एक हॅलोजन आणला आणि बॉडीपासून वीतभर अंतरावर लावून चहा प्यायला गेलो. मूर्तीला काही होत नाही. पण किटचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि काचेच्या चौकटीसारखे बारीक भाग त्याआधीच माना टाकतात. परत आलो तर समोरच्या काचेचा उजवा खांब आत झुकलेला. गरम पाण्यात धरून, काच आतून टेकवून हळूहळू सरळ केला. केसभर फट अजून आहे. दादांना सांगितलं तर म्हणाले, "तुझा बाप्पा प्लास्टिकचा आहे हे आधी सांगायचं ना!"

मग ती बॉडी ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये एक रात्र बुडवली आणि टूथब्रशने सगळा रंग काढला. पिवळासुद्धा. जीवावर आलं होतं.

आता सुकवायला थर्माकोलचं मासळीचं खोकं आहे (तीन वेळा धुतलं, तरी बायकोला वास येतो, मला येत नाही). आत ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब आणि साधा थर्मामीटर, झाकणाला दोन भोकं. बॉडी बल्बपासून लांब, दुसऱ्या टोकाला. पारा ४२ च्या वर जाऊ देत नाही. रंग मारायच्या आधीही बॉडी अर्धा तास आतच असते, म्हणजे ती गार नसते. सप्टेंबरमध्ये याच खोक्याच्या जिवावर पिवळा आणि मग काळा असे दोन्ही हात बिनपांढरे गेले.

मास्कबद्दल एवढंच, आणि हे गांभीर्याने घ्या: कोविडमधला एन-९५ थिनरच्या वाफा अडवत नाही. धूळ अडवतो. वाफांसाठी कोळशाच्या डब्या लावलेला मास्क लागतो. मी पहिला महिना एन-९५ वर काढला आणि रोज रात्री डोकं धरायचं. रंग गॅलरीत मारतो, गॅस बंद असतानाच, आणि शेजारच्यांच्या स्वयंपाकाची वेळ सोडून.

सेटमधल्या वस्तूंचं म्हणाल, तर कॉम्प्रेसरने आतापर्यंत एकदाही तक्रार केलेली नाही. ब्रशचं तसं नाही. जुलैत कपातल्या रंगात बुडबुडे यायला लागले, म्हणजे नोझलमधून हवा मागे येतेय. बघितलं तर नोझलच्या टोकाला केसाएवढी चीर. हे नोझल तांदळाच्या कणीएवढं असतं आणि बरोबरचा पाना तितकाच अरसिक. मीच जास्त पिळलं असणार. आतली रबरी रिंग लॅकर थिनरने फुगली ती वेगळीच. विक्रेत्याला लिहिलं तर सुटे भाग नाहीत, पूर्ण ब्रश घ्या म्हणाला. शेवटी दुसरं नोझल आणि टेफ्लॉनची रिंग वेगळीकडून मागवली, टपालासकट साडेसहाशे रुपये. पुन्हा घ्यायची वेळ आली तर कॉम्प्रेसर हाच घेईन, ब्रश मात्र सुटा घेईन, ज्याचे भाग सुटे मिळतात असा. सेटमध्ये मिळणारा फुकटचा ब्रश फुकटच असतो.

काळा वाळल्यावर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होता, तो २००० नंबरच्या पेपरने पाण्यात घासला, मग तामियाच्या तीन दर्जांच्या कंपाउंडने चकाकी आणली. चाकाच्या कमानीवर एका जागी जास्त घासलं आणि खालचा पांढरा डोकावला. तेवढ्यापुरता पुन्हा फवारा मारला. कडांवर रंग मुळातच पातळ बसतो, तिथे हात फिरवू नये हे मला तिसऱ्यांदा कळलं.

गाडी घेऊन पहिल्या मजल्यावरच्या मामांकडे गेलो. मामांनी बत्तीस वर्षं टॅक्सी चालवली, सगळी पद्मिनीवर. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, तेव्हा मामा दिवसभर कुणाशी बोलले नव्हते. त्यांनी चष्मा लावला, गाडी उलटी-सुलटी केली.

"इंजिन कुठाय?"

"मागे, मामा. डिकी पुढे."

"मग पाणी कुठे टाकायचं?"

"याला पाणी लागत नाही. हवेवर गार होतं."

मामांनी गाडी खाली ठेवली. "मे महिन्यात सायनच्या पुलावर कधी उभी केलीयेस का? पाणी लागत नाही म्हणे!"

मग बोटाने डावी बाजू दाखवली. मीटर बाहेर हवा, काचेच्या पुढे, डाव्या अंगाला. टपावर कॅरियर हवा, नाहीतर दादरला उतरणारं गिऱ्हाईक ट्रंका कुठे ठेवणार? दोन्ही मी किटच्या उरलेल्या फ्रेमच्या काड्यांतून आणि पितळी तारेतून केलं. तार नागदेवीचीच. मीटर चार मिलिमीटरचा आहे, त्यावरचा झेंडा सुईने बसवला. मामा म्हणाले झेंडा उभा ठेव, गाडी रिकामी आहे. कॅरियरचे पाय अजून वाकडे आहेत आणि नंबरप्लेट बाकी आहे. मामांना त्यांचा जुना नंबर हवाय, पण त्यातले शेवटचे दोन आकडे ते रोज वेगळे सांगतात.