चपलांचे ६३ फोटो आणि एक ढिली कडी : जेनेरिक बॅटरी ग्रिप, अकरा महिन्यांनंतर

गेल्या आठवड्यात चिपळूणहून रात्रीच्या एसटीने रत्नागिरीला येत होतो. कॅमेऱ्याची बॅग मांडीवर. हातखंब्याला गाडी थांबली, इंजिन बंद झालं, आणि बॅगेतून बारीक गुर्रर्र असा आवाज यायला लागला. शेजारचे काका आधी बॅगेकडे, मग माझ्याकडे बघायला लागले. चेन उघडली तर लेन्सचं व्हीआर (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी यंत्रणा) चालू. म्हणजे कुणीतरी शटरचं बटण अर्धं दाबून धरलं होतं. बॅगेत कोण दाबणार? ग्रिपचं, म्हणजे कॅमेऱ्याच्या तळाला जोडायच्या जादा बॅटरीच्या खोक्यावरचं, उभ्या फोटोंसाठीचं शटरचं बटण बॅगेच्या कप्प्याला टेकलं होतं आणि त्याच्याभोवतीची लॉकची कडी आपोआप सरकून उघडी पडली होती. बॅटऱ्या भराभर का उतरतात हे सहा महिने न सुटलेलं कोडं तिथे, हातखंब्याच्या स्टँडवर सुटलं. म्हणून हे लिहायला बसलोय.

कॅमेरा निकॉन डी७२००. त्याची कंपनीची ग्रिप एमबी-डी१५, तीच डी७१०० लाही बसते. मी घेतली तिच्यासारखी दिसणारी बिनकंपनीची, २,६५० रुपयांना. दुकानदाराने मूळ ग्रिपची किंमत सांगितली ती याच्या सहापटीहून जास्त. एवढ्यात आमच्या वाडीत विहिरीचा पंप बदलून होतो. शिवाय मनाशी हिशेब मांडला होता : ग्रिपमध्ये असतं काय? प्लॅस्टिकचा खोका, एक बटण, दोन डायल, चार पितळी पट्ट्या. सेन्सर नाही, प्रोसेसर नाही. त्याला एवढे पैसे कशाला?

दुकानदाराने जाता जाता ‘भाऊ, स्पीड पण वाढेल’ असं सांगितलं. हे खोटं. निकॉनच्याच जुन्या डी७०० ला त्याची ग्रिप एमबी-डी१० आणि मोठी बॅटरी लावली की सेकंदाला ५ चे ८ फोटो व्हायचे, त्या जमान्यातली ही गोष्ट अजून काउंटरवर फिरतेय. डी७२०० ग्रिप लावा न लावा, ६ वरच राहतो.

पहिले चार महिने मी या ग्रिपचं इतकं कौतुक केलं की दोघा मित्रांनी तीच मागवली. (त्यांची माफी मागायची की नाही हे लेख संपेपर्यंत ठरवतो.) शिमग्यात तर तिने जीव वाचवला. पालखी सहाणेवरून उठली, नाचवायला सुरुवात झाली, की फ्रेम उभीच लागते : खाली पाय, वर पालखी, मध्ये गुलाल. ग्रिप नसेल तर उजवं कोपर तासभर आभाळात. या वर्षी कोपर अंगाशी ठेवून दोन रात्री काढल्या, दुसऱ्या दिवशी खांदा जागेवर होता. ग्रिप बॅटरीसाठी घेतात असं जे समजतात त्यांना सांगतो, या कॅमेऱ्याला एका चार्जवर कंपनीच्या चाचणीत १,११० फोटो मिळतात. बॅटरीच हवी असेल तर दुसरी बॅटरी खिशात ठेवा, स्वस्त पडेल. ग्रिप खांद्यासाठी घ्यायची.

गुलाल डायलमध्ये गेला, तो ब्रशने निघाला. मूळ ग्रिपला मॅग्नेशियमचं कवच आणि धूळ-दमटपणा अडवणारी बांधणी आहे. माझ्या खोक्याला काहीच नाही. पण कडी तेव्हाच ढिली झाली असावी, कारण एप्रिलपासून भानगडी सुरू झाल्या.

ही कडी म्हणजे उभ्या शटरच्या बटणाभोवतीचं छोटं रिंगण. आडवी फ्रेम घेताना ते बटण तळहाताखाली येतं, म्हणून कडी फिरवून लॉक करायचं. नवी होती तेव्हा टक् असा आवाज करून बसायची. एप्रिलमध्ये आवाज गेला. मे महिन्यात लांज्याच्या एका लग्नात मी आडवे फोटो काढत राहिलो आणि मध्ये मध्ये, कॅमेरा खाली सोडला की, तळहात बटण दाबत राहिला. घरी येऊन बघतो तर मांडवातल्या चपलांचे ६३ फोटो. एक तर असा की करवलीच्या सँडलवर फोकस अगदी काटेकोर. ते वेगळे काढायचे राहिले आणि पेनड्राइव्ह तशीच गेली. मुलीच्या वडिलांचा फोन : ‘भाऊ, ह्या चपलांचे पण पैसे लावलेत काय?’

तरी मला कडीचं महत्त्व कळलं नाही. मला वाटलं माझीच सवय वाईट. याच काळात बॅटऱ्या भराभर उतरायला लागल्या. सकाळी भरलेली बॅटरी, कार्यालयात पोचेपर्यंत ८० टक्के. मेनूत बॅटरीची माहिती दिसते, तिथे टक्के, घेतलेले फोटो आणि बॅटरीचं वय ० ते ४ असं असतं. वय ० दाखवत होतं, म्हणजे बॅटरी ठणठणीत. मी मेनूवर अविश्वास दाखवला आणि चार हजारांवर पैसे मोजून नवी ईएन-ईएल१५सी आणली. तीही तशीच उतरली! आता कळतंय. कॅमेरा चालूच ठेवून बॅगेत टाकायची माझी सवय, ढिली कडी, अर्धं दाबलेलं बटण. उजेड मोजणारं मीटर आणि व्हीआर वाटभर जागे. ग्रिपमध्ये वाचवलेल्या पैशांतले चार हजार तिथेच गेले.

विक्रेत्याशी भांडण जुलैत झालं. पावसात कॅमेऱ्याला ग्रिपमधली बॅटरी दिसेनाशी झाली, ट्रेच्या पट्ट्यांवर हिरवट थर. सहा महिन्यांची वॉरंटी होती, ती पंधरा दिवसांपूर्वी संपलेली. तरी फोन केला. पलीकडची बाई म्हणाली, फोटोत ओलावा दिसतोय, ओलाव्याला वॉरंटी नाही. मी म्हटलं, ताई, मी समुद्रापासून दीड किलोमीटरवर राहतो, जुलैमध्ये इथे भिंतीलाही ओलावा असतो. मग म्हणाली, तुमच्या पिनकोडवरून परत नेण्याची सोयच नाही. हे आधी सांगितलं असतं तर ओलाव्याचं प्रवचन वाचलं असतं. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि खोडरबर, दहा मिनिटांत पट्ट्या चकाचक. तेव्हापासून ग्रिप काढून डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवतो.

मग गणपती आले आणि माझं मत परत फिरलं. गावी वाऱ्याने तारा तुटल्या, दोन दिवस वीज नाही, कॅमेऱ्यातली आणि ग्रिपमधली, दोन्ही बॅटऱ्या संपल्या. गौरीपूजन समोर. फ्लॅशसाठी भरून ठेवलेले आठ निकेल-मेटल हायड्राइड सेल होते. सहा ग्रिपच्या पेन्सिल सेलच्या ट्रेमध्ये घातले. सेल १.२ व्होल्टचा, सहा मिळून ७.२, मूळ बॅटरी ७ ची. मेनूत सेलचा प्रकार बदलला आणि कॅमेरा उठला. खिडकीच्या उजेडात गौरी, ओवसा, हळदीकुंकू, सगळं मिळालं. टीव्हीच्या रिमोटमधले स्वस्त सेल मात्र घालू नका, ते झिंक-कार्बनचे असतात, एवढा करंट त्यांना झेपत नाही. हा ट्रे मूळ ग्रिपबरोबरही येतोच, पण त्या दिवशी माझ्याकडे २,६५० वाली होती आणि तिने काम केलं.

चिपळूणच्या मित्राकडे मूळ एमबी-डी१५ आहे. एसटीतल्या त्या प्रकारानंतर फिरून त्याच्याकडे गेलो आणि दोन्ही ग्रिप टेबलावर शेजारी ठेवल्या. फोटो सारखेच, बटणाचा अर्धा दाब दोन्हीत नीट कळतो, पकड त्याची थोडी बरी. त्याची कडी पाच वर्षांनंतरही टक् करते. मी ती चाळीसेक वेळा फिरवली असेल, शेवटी त्याने ग्रिप हातातून काढून घेतली. त्या एका टक्‌चे मी आता पैसे देईन असं वाटलं. मग पंपाची किंमत आठवली.

तूर्त उपाय असा : सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंद पट्टी कापून कडीवर ताणून बसवली. आडव्या फ्रेमला कडी हलत नाही, उभ्याला पट्टी मागे सारायची. खर्च शून्य. बॅगेत टाकताना कॅमेरा बंद करायचाही नियम केलाय, तो आतापर्यंत दोनदा मोडला. ज्या दोघांनी माझ्या शब्दावर ग्रिप घेतली त्यांना ट्यूबचे दोन तुकडे पाठवतोय, तेवढीच माफी. तुळशीच्या लग्नानंतर पहिलं काम संगमेश्वरला आहे. बायको म्हणते, पंक्चर काढलेला कॅमेरा घेऊन लोकांच्या मांडवात जाऊ नका, निदान ट्यूबवरचं कंपनीचं नाव आतल्या बाजूला करा.