निओनॅटली: बाळाला श्वास द्यायला शिकवणारी बाहुली

जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटातच श्वास मिळायला हवा. डॉक्टर लांब असला की हे काम नर्सच्या किंवा दाईच्या हाती येतं. ते हात तयार करण्यासाठी नॉर्वेच्या लेर्डाल कंपनीची ही बाहुली आहे. 2010 मध्ये सुरू झालेल्या 'हेल्पिंग बेबीज ब्रीद' प्रशिक्षणात ती वापरतात. वीज लागत नाही.

बाहुलीत साधारण दोन लिटर कोमट पाणी भरा. हवेवरही काम भागतं, पण मग हाताला बाळाचं वजन लागत नाही. पाणी भरायचा कंटाळा करू नये. नळ्यांच्या टोकाचे छोटे फुगे दाबून प्रशिक्षक बाळाला रडवतो, श्वास घ्यायला लावतो, नाळेचे ठोके दाखवतो.

खरी किंमत आहे ती छातीची. डोकं किंचित मागे असेल आणि मास्क घट्ट बसला असेल, तरच बॅग (मास्कला जोडलेली, हाताने दाबून हवा द्यायची पिशवी) दाबल्यावर छाती वर येते. मान जास्त ताणली, मास्क डोळ्यांवर सरकला किंवा कडेने हवा सुटली, तर छाती हलत नाही आणि चूक तिथेच दिसते. अशा वेळी नुसता जोर वाढवून उपयोग नसतो. आधी मास्क पुन्हा बसवा, डोकं नीट करा, तोंड साफ करून थोडं उघडा, जोर त्यानंतर. वेग मिनिटाला 40, म्हणजे 'एक-दोन-तीन' मोजत 'एक'वर दाबायचं. सराव सुरू करण्याआधी मास्क तळहातावर टेकवून बॅग जोरात दाबून बघा. झडप उघडल्याचा आवाज आला पाहिजे.

सराव झाला की पाणी पूर्ण काढून बाहुली आतून वाळवा, नाहीतर बुरशी धरते. सरावाची बॅग आणि खऱ्या बाळाची बॅग वेगळी ठेवा.

बाहुलीत दोष फारसा नाही, वापरण्याच्या पद्धतीत आहे. टांझानियातल्या हायडोम रुग्णालयात एक दिवसाच्या प्रशिक्षणानंतर बाहुलीवरचे हात सुधारले, प्रत्यक्ष प्रसूतीत मात्र फरक पडला नाही. पुढे तिथेच थोडा थोडा पण वारंवार सराव सुरू झाला आणि पहिल्या 24 तासांतले बालमृत्यू कमी झाले. म्हणून एकच बाहुली घेणार असाल तर ती प्रशिक्षण केंद्रात नको, प्रसूतिगृहात ठेवा. आठवड्यातून एकदा पाच मिनिटं, प्रत्येकीच्या हाताखालून गेली पाहिजे. कुलपाच्या कपाटात तर मुळीच नको.