कॅम्परव्हॅनने कोयना-चांदोली, चार दिवस दोघंच (गाडी झकास, पण संडासाचं आधी विचारून घ्या)

लग्नाला ३२ वर्षं झाली म्हणून लेकीने परस्पर बुकिंग करून टाकलं, नाहीतर आम्ही दोघं काय स्वतःहून असलं काही करणार नव्हतो. दोन वर्षांपूर्वी तिच्याकडे अमेरिकेत गेलो होतो तेव्हा जावयाने आरव्ही (आत पलंग, ओटा, संडास असलेली फिरती घरासारखी गाडी, तीच ही कॅम्परव्हॅन) घेऊन यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात नेलं होतं आणि तेव्हापासून ह्यांचं एकच टुमणं, आपल्याकडे असं काही का नाही. तर आहे बरं का, पुण्यातच आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मालक मुलगा तरुण आहे, बोलायला गोड आहे, सुधारेल अशी आशा आहे.

दिवाळीनंतर निघालो, तीन रात्री चार दिवस. भाडं दिवसाला साडेनऊ हजार, त्यात रोजचे २०० किलोमीटर, वरच्या किलोमीटरचे वेगळे, ड्रायव्हरचा भत्ता वेगळा, टोल आपला. डिपॉझिट १५ हजार. म्हणजे स्वस्त अजिबात नाही, एवढ्यात चांगल्या रिसॉर्टला राहून वर दोन वेळचं मासेजेवण झालं असतं हे मी पहिल्याच दिवशी बोलून घेतलं.

गाडी फोर्स ट्रॅव्हलर मिनीबसवर बांधलेली. आत मागे आडवा पलंग, दोघांना पुरतो पण हे सहा फुटांचे असल्याने तिरके झोपले आणि मी उरलेल्या त्रिकोणात. एक छोटा ओटा, सिंक, फ्रिज, बाजूला संडास-बाथरूम एकात एक, छतावर सोलर. गाद्या स्वच्छ, चादरी धुतलेल्या, कुठे वास नाही. ह्यांनी टेल्कोत ३० वर्षं काढल्यामुळे गाडी दारात आल्या आल्या आधी खाली वाकून बघितली, टायर बघितले, मग म्हणाले मेन्टेन केलीये. हे सर्टिफिकेट आमच्या घरात कुणाला सहज मिळत नाही.

नवले पुलाचं ट्रॅफिक पार करून खेड शिवापूरच्या टोलला पोचेपर्यंत नऊ वाजले. खंबाटकीत आम्ही जाताना घाट चढून गेलो, बोगदा तेव्हा फक्त पुण्याकडे येताना होता, तर त्या चढावर वळणावळणाला ओट्याखालचा ड्रॉवर आपोआप उघडायचा आणि चमचे-वाट्या सगळ्या पलंगाखाली. कडी तुटलेली होती. फोन केला तर म्हणे मॅडम सेलोटेप आहे ना डॅशबोर्डमध्ये, ती लावा. म्हणजे आधीपासून माहीत होतं! शेवटी माझ्या ओढणीने बांधला तो ड्रॉवर, चारही दिवस तसाच.

कराडला प्रीतिसंगमावर थांबलो, कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन भेटतात ते बघत गाडीच्या दारात बसून घरच्या दशम्या खाल्ल्या. खरं सांगू का, पैसे तिथे वसूल व्हायला लागले. बाथरूम शोधायला नको, हॉटेलात बसायला जागा नको, ह्यांची कंबर धरली की आत जाऊन आडवे. संध्याकाळी मात्र आख्खा मसूर आणि भाकरी बाहेरच खाल्ली, कराडात येऊन ती नाही खाल्ली तर काय उपयोग.

रात्री पाटणवरून कोयनानगर. तिथे एका शेतकऱ्याच्या आवारात गाडी लावायची सोय कंपनीने केली होती. आता हे नीट वाचा. गाडी उभी केल्यावर ती हलू नये म्हणून खाली चार जॅक लावायचे असतात, त्यातले दोनच होते. मग रात्री ह्यांनी कूस बदलली की अख्खी गाडी डुलायची, आणि झोपायचं कुठे तर कोयनानगरला! ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप, मी तेव्हा आईच्या पोटात होते, आई कायम सांगायची की पुण्यातसुद्धा मांडणीवरची भांडी वाजली होती. मी तीनदा दचकून उठले. तिसऱ्यांदा हे म्हणाले अगं मीच आहे, झोप.

दुसरी भानगड विजेची. लेकीला सांगितलं होतं एसी आहे, आणि एसी आहेच, पण तो बाहेरून वीज जोडली तरच चालतो. ह्यांनी लगेच हिशोब मांडला, २०० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे जेमतेम २.४ युनिट, एसीला तासाला एक युनिट धरलं तर दोन-सव्वादोन तासांत खेळ खल्लास. बरं बाहेरून जोडायचा प्लग तो निळा गोल कारखान्यातला, शेतकऱ्याच्या घरी साधं पंधरा अँपिअरचं सॉकेट, आणि मधला कन्व्हर्टर गाडीत नाहीच. थंडी होती म्हणून भागलं, पंखा, दिवे, फ्रिज सोलरवर व्यवस्थित चालले. एप्रिल-मे मध्ये घेणार असाल तर तो कन्व्हर्टर डोळ्यांनी बघितल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.

आता संडास. ह्याबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून मीच लिहिते. खाली एक कॅसेट असते, साधारण वीस लिटरची डबी म्हणा, त्यात निळं औषध घालतात, भरली की ओढून काढायची आणि रिकामी करायची. कुठे? हा प्रश्न मी बुकिंगच्या वेळी विचारला तेव्हा "सगळी सोय आहे मॅडम" असं उत्तर होतं. ड्रायव्हर दादा बिचारा भोरकडचा, फार चांगला मुलगा, तो खाली मान घालून म्हणाला काकू, बाकीचे लोक रस्त्याकडेला जंगलातच ओततात. मी म्हटलं ओतायचं नाही, खाली कोयना आहे, लोक पाणी पितात तिचं. मग शेतकऱ्याला विचारलं तुमच्या संडासात ओतू का, तर तो हात जोडून म्हणाला ताई तेवढं नको, आमचा संडास गोबरगॅसला जोडलाय, ते निळं औषध आत गेलं तर जंतू मरतील आणि आमची चूल बंद पडेल. बरोबरच होतं त्याचं. शेवटी विहिरीपासून लांब, बांधापलीकडे त्यानेच खड्डा खणून दिला, वरून माती, चुना. माझी मान शरमेने खाली. त्यानंतर उरलेले दिवस आम्ही दोघांनी तो संडास वापरलाच नाही, म्हणजे जी सोय म्हणून एवढे पैसे मोजले ती कुलूपबंद! यलोस्टोनला फिशिंग ब्रिजच्या आरव्ही तळावर प्रत्येक गाडीला नळ, वीज आणि सांडपाण्याची जोडणी जागेवर होती. आपल्याकडे सरकारने २०२१ ला कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं म्हणतात, पण आम्ही गेलो त्या रस्त्यावर कॅसेट रिकामी करायची एक जागा दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र सगळा राग गेला. कुंभार्ली घाटमाथ्यावर नेऊन गाडी कडेला लावली, बाजूचा फळीचा ओटा बाहेर ओढला आणि गॅसवर आल्याचा चहा टाकला. खाली कोकण धुक्यात. ह्यांचं इंजिनियरिंग सुरू, की कोयनेचं पाणी खरं तर पूर्वेला कृष्णेत जायचं पण धरणातून बोगद्याने डोंगराच्या पोटातून इकडे पोफळीला आणून वीज करतात आणि मग ते कोकणातल्या वाशिष्ठी नदीत सोडतात. मी नुसतं हो हो म्हणत होते. ३२ वर्षांत आम्ही दोघंच असे, घाई नाही, मुलं नाहीत, कुणाचा फोन नाही (रेंजच नव्हती), असे कधी बसलो होतो आठवत नाही. दोन तास बसलो. ड्रायव्हर दादा लांब दगडावर पाठ करून मोबाईलमध्ये गेम खेळत होता, त्याचीच आम्हाला जरा लाज वाटत होती. आणि हो, ड्रायव्हर झोपणार कुठे हेही विचारा. हा पोरगा पुढच्या सीटवर पाय दुमडून झोपायची तयारी करत होता, आमच्यात आणि त्याच्यात एक पडदा! शेतकऱ्याने त्याला पडवीत अंथरूण दिलं म्हणून बरं.

तिसऱ्या दिवशी कोकरूड, आरळा करत चांदोली. रस्ता अरुंद, गाडीची उंची जवळजवळ साडेनऊ फूट, झाडांच्या फांद्या टपावर खरडत होत्या आणि प्रत्येक खरडीला ह्यांचा चेहरा बघण्यासारखा. राष्ट्रीय उद्यानात ही गाडी न्यायचा प्रश्नच नव्हता, बाहेर लावली आणि लोकल जीप, सोबत गाईड. चांदोली २००४ ला राष्ट्रीय उद्यान झालं आणि २०१० ला कोयना अभयारण्याबरोबर मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. सोसायटीत सगळे विचारतात वाघ दिसला का. नाही दिसला. पण झोळंबीच्या सड्याकडे (म्हणजे वरच्या उघड्या कातळाच्या पठाराकडे) जाताना उठून गेलेल्या गावांची जुनी शेतं लागतात, तिथे आता नुसतं गवत, आणि त्या गवतात गव्यांचा कळप, सात-आठ तरी, पायात पांढरे मोजे घातल्यासारखे. एका ठिकाणी जोत्याचे दगड आणि तुळशीवृंदावन तसंच होतं. गाईड म्हणाला त्याच्या आजोबांचं गाव आतच होतं, मग पुढे गप्पच झाला. आम्हीही गप्प. वरून चांदोली धरणाच्या वसंत सागर जलाशयाचं पाणी लांबवर दिसत होतं. शेकरू एक दिसलं, फोटोत फक्त शेपूट आलीये.

येताना खंबाटकीच्या बोगद्यातून भसकन बाहेर, सहाला घरी. डिपॉझिटमधून टपावरच्या ओरखड्यांचे १२०० कापले होते. हे गेले, निघताना काढलेले फोटो दाखवले, दोन जॅक, कडी, कन्व्हर्टर सगळं शांतपणे मोजून दाखवलं, ९०० परत मिळाले. निघताना गाडीचा चारी बाजूंनी आणि टपाचाही व्हिडिओ काढा, ही ह्यांची टीप.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. अर्धा तर त्या ड्रायव्हर दादाचाच. पुन्हा जाऊ, पण आधी कॅसेट कुठे रिकामी करायची ते जागेच्या नावासकट लिहून घेऊ.

एक राहिलं. माझा स्टीलचा पोळ्यांचा डबा गाडीतच विसरलाय, चार फोन झाले, "बघतो मॅडम" चालू आहे. कुणी पुढे ती गाडी घेतली तर सिंकखालच्या कप्प्यात पाइपामागे हात घालून बघा, झाकणावर सासूबाईंचं नाव आणि १९७४ कोरलंय. कोथरूडला येऊन घेऊन जाईन मी.