पणजीचा पायी ट्रेझर हंट : सहा महिने, चार फेऱ्या आणि एक चुकीची तारीख

परवाच्या रविवारी सकाळी साडेनऊला आम्ही सहाजणी पणजीच्या मळा भागात फिनिक्स झऱ्यासमोर उभ्या होतो. तेरा कोडी सुटली होती, तीन राहिली होती. मुलीने चौदावे उघडायला बोट टेकवले आणि पडद्यावर आले : ‘तुमची मुदत संपली आहे.’ तिच्या वर्गातल्या चार मैत्रिणींना मी फोंड्याहून कदंबाच्या पहिल्या बसने आणले होते. त्यांच्या आयांना ‘बारापर्यंत परत आणते’ असा शब्द दिला होता. खेळाच्या पाकिटावर ठळक छापलेय, ‘एकदा घ्या, हवे तितक्या वेळा खेळा’. सहा महिन्यांची अट आहे ती ॲपच्या नियमांत, अगदी खाली. तिथूनच ग्राहकसेवेला फोन लावला, कोणी उचलला नाही. सोमवारी उत्तर आले : आठशे रुपये भरा, आणखी सहा महिने मिळतील.

रागातच लिहायला बसले आहे. पण सहा महिन्यांत या खेळाबद्दलचे माझे मत इतक्यांदा फिरले की सगळेच सांगितलेले बरे. नुसत्या रविवारच्या प्रसंगावरून लिहिले तर खेळावर अन्याय होईल.

खेळ कसा असतो ते बहुतेकांना माहीत आहे : छापील वही, नकाशा, फोनवर ॲप, ठिकाणी पोचल्यावर जीपीएसने उघडणारी सोळा कोडी, गाइड नाही. किंमत सोळाशे. ऑगस्टमध्ये घेतला.

पहिली फेरी आम्ही तिघांनी केली, भर पावसात. त्या दिवशी विचारले असते तर पाचपैकी दोन तारे दिले असते. वहीचा कागद पहिल्याच सरीत फुगला. फोंताइन्हास या पणजीच्या जुन्या वस्तीच्या अरुंद गल्ल्यांत जीपीएसला जागा सापडेना, एका कोड्यासाठी वीस मिनिटे वर-खाली चालत राहिलो. कंपनीचे उत्तर चार दिवसांनी आले : फोन बंद करून चालू करा. कोडी फक्त इंग्रजीत. गोव्यात विकायचे आणि मराठी-कोकणी काहीच नाही, हे मला अजूनही पटत नाही.

तरी त्याच दिवशी एक गोष्ट घडली. जुन्या सचिवालयाशेजारचा आबे फारियाचा पुतळा माझ्या मुलीने बसच्या खिडकीतून शेकडो वेळा पाहिला असेल. पण तो कोण, हे तिने कधी विचारले नव्हते. कोडे होते : ‘हात न लावता हा माणूस समोरच्या बाईला कसा पाडतो?’ ती छत्री बाजूला करून पुतळ्याभोवती दोनदा फिरली. संमोहनविद्येचा हा आद्य अभ्यासक १७५६ मध्ये आपल्या कांदोळीत जन्मला, १८१९ मध्ये पॅरिसला वारला, आणि रामचंद्र पांडुरंग कामत यांनी केलेला हा पुतळा १९४५ मध्ये बसवला. एवढे ॲप सांगते. पुढचे मी सांगितले, माझ्या आजोबांकडून ऐकलेले. लिस्बनला राणीसमोर प्रवचनाला उभा राहिलेला तरुण फारिया समोरची बडी मंडळी पाहून गांगरला, तेव्हा खालून वडील कोकणीत पुटपुटले, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी!’ आणि त्याची वाचा सुटली. मुलगी दिवसभर तेच म्हणत होती. गेल्या महिन्यात वक्तृत्व स्पर्धेला स्टेजवर चढण्याआधीही ती तेच पुटपुटली. ही गोष्ट खेळात नाही, पण ती सांगायची वेळ खेळानेच आणली.

चर्चच्या घंटेचेही तसेच. इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चच्या नागमोडी पायऱ्यांवर सगळे फोटो काढतात. कोड्याने मात्र आम्हांला मान वर करून घंटेकडे बघायला लावले. जुन्या गोव्याच्या ऑगस्टीनियन मठाची ती घंटा. मठ ओस पडल्यावर ती काही काळ आग्वादच्या दीपगृहात होती आणि १८७१ मध्ये इथे आली. आता जुन्या गोव्याला गेलो की त्या मठाचा उरलेला उंच, अर्धा ढासळलेला मनोरा बघून मुलगी म्हणते, ‘आई, याची घंटा पणजीला आहे.’ दोन गावांमधला असा धागा शाळेच्या सहलीत कधी हाती लागला नव्हता.

आणि म्हणूनच अकराव्या कोड्याबद्दल मी इतके बोलणार आहे. एका कोड्याचे काय ते एवढे, असे घरातही म्हणून झाले आहे.

फोंताइन्हासमध्ये घरांच्या भिंतीवर रस्त्यांच्या नावांच्या निळ्या-पांढऱ्या टाइल्स आहेत. त्यांपैकी ‘रुआ ३१ द जानेइरू’, म्हणजे ३१ जानेवारी रस्ता. कोडे विचारते : ‘या दिवशी पोर्तुगाल कोणापासून स्वतंत्र झाले?’ उत्तर स्वीकारले जाते ‘स्पेन’, आणि पडद्यावर १६४० साल झळकते. आम्हीही तेच टाइप केले, हिरवी खूण आली, पुढे गेलो.

सप्टेंबरात मुलीने शाळेच्या प्रकल्पात हे लिहिले आणि बाईंनी लाल गोल काढला. मुलगी बाईंशी वाद घालून आली. ‘आम्ही तिथे उभं राहून सोडवलंय,’ असे तिने वर्गात सांगितले. मला ते लागले. पुस्तकात वाचलेले विसरायला होते, पायांनी चालत जाऊन मिळवलेले उत्तर पोर विसरत नाही. मग ते चुकीचे कसे चालेल?

एका शनिवारी मी पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन बसले. तीच, १८३२ मध्ये सुरू झालेली. पोर्तुगालने स्पेनची सत्ता झुगारली ती १ डिसेंबर १६४० रोजी. ३१ जानेवारीचा त्याच्याशी संबंध नाही. ३१ जानेवारी १८९१ रोजी पोर्तू शहरात राजेशाहीविरुद्ध प्रजासत्ताकवाद्यांचा उठाव झाला. तो मोडला गेला, पण १९१० मध्ये प्रजासत्ताक आल्यावर त्याच्या स्मरणार्थ रस्त्यांना ही तारीख मिळाली. खुद्द पोर्तूमध्ये याच नावाचा रस्ता आहे. म्हणजे आपल्या पणजीच्या भिंतीवरच्या त्या टाइलमध्ये फसलेल्या बंडाची आठवण आहे, राजाच्या विजयाची नाही. ही किती चांगली गोष्ट आहे! तिच्यावर एक उत्तम कोडे होऊ शकते. १७८७ मधले पोर्तुगीज सत्तेविरुद्धचे पिंटोंचे बंड आपल्याच मातीतले, तेही फसलेले, आणि त्यातल्या पंधराजणांना फाशी झालेली. मुलांना दोन्ही एकत्र सांगता येईल.

हे सगळे मी कंपनीला सविस्तर लिहिले. पहिले उत्तर : पर्यटनाच्या बऱ्याच माहितीत १६४० हेच दिलेले असते. दिलेले असते हे खरे, पण म्हणून ते बरोबर ठरते का? दुसरे उत्तर : उत्तर बदलले तर गुणांची यादी बिघडेल. तिसऱ्या पत्राला उत्तर नाही. डिसेंबरात ॲपची नवी आवृत्ती आली आणि आता ‘स्पेन’ही चालते, ‘प्रजासत्ताक’ही चालते, दोन्हींना हिरवी खूण. हा तोडगा मला मान्य नाही. एक उत्तर बरोबर आहे आणि एक चूक आहे. दोन्हींना गुण देऊन त्यांनी मुलांना नेमके काय शिकवले?

आता दुसरी बाजूही सांगते, कारण याच कंपनीने एक गोष्ट ऐकली.

दिवाळीत सावंतवाडीहून नणंदेची दोन मुले आली होती, त्यांना घेऊन दुसरी फेरी केली. आठवे कोडे तेव्हा असे होते की घराच्या दारावर-छपरावर चिनी मातीचे कोंबडे शोधायचे आणि तिघांचे फोटो टाकायचे. पोरे धावत सुटली. एका बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, बसलेल्या म्हाताऱ्या बाई शांतपणे म्हणाल्या, ‘हांगां फोटो काडूं नाका, बाय.’ मग त्यांनीच सांगितले की दिवसभर कोणी ना कोणी त्यांच्या पायरीवर बसते, खिडकीत कॅमेरा घालते, दुपारची झोपसुद्धा मिळत नाही. आजूबाजूच्या भिंतींवर फोटो न काढण्याचे फलक होतेच, आम्हीच पाहून न पाहिल्यासारखे केले होते. मी त्यांची क्षमा मागितली. त्यांनी मुलांना आत बोलावून शिंपल्यांच्या तावदानांची जुनी खिडकी दाखवली आणि ती उघडून बंदही करू दिली. त्या दिवसापासून आमच्या चमूचा नियम झाला : घरांचे फोटो नाहीत, दिसेल ते वहीत काढायचे.

हेही कंपनीला कळवले. पंधरा दिवसांत ते कोडे बदलले. आता कोंबड्यांऐवजी रस्त्यांच्या नावांच्या टाइल्स मोजायच्या आहेत, आणि ‘लोकांची घरे आहेत, हळू बोला’ अशी सूचनाही आली आहे. तेव्हा मी मनातल्या मनात चार तारे दिले होते.

तिसरी फेरी जानेवारीत, सासऱ्यांबरोबर. बाबा बहात्तर वर्षांचे, त्यामुळे आम्ही सहाच ठिकाणे केली. आल्तिनोची चढण सोडली, जागोजागी बसलो. आझाद मैदानावर ते गोवामुक्तीचे नेते टी. बी. कुन्हांच्या स्मारकापाशी बराच वेळ थांबले. १९६१ च्या डिसेंबरात बाणस्तारीचा पूल पोर्तुगिजांनी उडवला तो आवाज, घरातल्या माणसांनी रातोरात बांधलेली गाठोडी, हे त्यांनी मला त्या बाकावर बसून सांगितले. लग्नाला पंधरा वर्षे झाली, हे मी कधी ऐकले नव्हते.

मग त्यांनी वही चाळली आणि विचारले, ‘यात देऊळ एकही नाही?’ खरेच नाही. सोळा ठिकाणांत चर्च, कपेल (छोटे प्रार्थनाघर), राजवाडा, बाग, पोस्ट, सगळे आहे. महालक्ष्मीचे देऊळ नाही. मळ्यातला मारुती नाही. पोर्तुगीज राजवटीत पणजीत देवळाला परवानगी मिळाली ती १८१८ मध्ये, आणि ते पहिले देऊळ म्हणजे महालक्ष्मी. ज्या शहरात दोन-अडीचशे वर्षे देऊळ बांधता आले नाही तिथे ते कसे उभे राहिले, यापेक्षा मोठे कोडे कोणते? बाबाच पुढे झाले, मी मागून. महालक्ष्मीला नमस्कार केला आणि त्यांनी वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर आपल्या अक्षरात लिहिले : १७. महालक्ष्मी.

घेणाऱ्यांसाठी थोडे कामाचे. सकाळी साडेसातला सुरुवात करा, अकरानंतर ऊन सोसवत नाही आणि दुपारी एक ते चार पणजी झोपते, तेव्हा दुकानातले कोडे सुटणार नाही. सरकारी इमारतीतली ठिकाणे रविवारी बंद असतात. मिनेझिस ब्रागांझा संस्थेतले जॉर्ज कोलासोचे १९३५ चे टाइलचित्र पाहायचे तर कामाच्या दिवशी जा, आणि ते पाहाच. सेंट सेबॅस्टियन कपेलमधला क्रूस इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यातून आलेला आहे, त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत. प्रार्थनेची वेळ साधली तर आत जायला मिळते. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ असते, चपला नकोत. नाश्त्याला हॉटेलात पातळ भाजी आणि पाव घ्या, वहीत सुचवलेल्या महागड्या कॅफेत चौघांचे सातशे गेले. संपल्यावर मुलांना फेरीबोटीने बेतीला नेऊन आणा, पायी जाणाऱ्याला तिकीट नाही.

पैशांचा हिशेब मी मांडला आहे. सोळाशे रुपयांत चार फेऱ्यांत मिळून पंधराजण खेळलो, माणशी साधारण १०७ रुपये. एवढ्यात फोंड्यात सिनेमाही होत नाही. म्हणून पैसे वाया गेले असे म्हणणार नाही. पण ‘हवे तितक्या वेळा’ छापून सहा महिन्यांनी दार लावायचे, तेही पोरी रस्त्यात उभ्या असताना, हे मला मंजूर नाही. अट ठेवायची तर पाकिटावर ठळक ठेवा, आठ दिवस आधी कळवा.

आठशे रुपये मी भरलेले नाहीत. आजच्या घडीला तीन तारे. पाकिटावरची अट आणि अकरावे कोडे दुरुस्त केले की चौथा देईन, तसे त्यांना लिहिलेही आहे.

रविवारी मुली हिरमुसल्या होत्या, पण शेवटची तीन ठिकाणे मला तोंडपाठ होती. ॲप बंद केले, वही उघडली आणि कोडी मी मराठीत घातली. परतताना ३१ जानेवारी रस्त्यावर टाइलखाली मुलीने सगळ्यांना थांबवले. वहीतले ‘१६४०’ पेन्सिलने खोडले, शेजारी ‘१८९१, पोर्तू’ लिहिले आणि मैत्रिणींना उठावाची गोष्ट सांगायला लागली. हळू आवाजात, कारण वरच्या खिडकीत कोणीतरी कपडे वाळत घालत होते.