टर्नटेबल, नऊ महिन्यांनंतर: गाणं नंतर, आधी तंबोरा ऐका

दिवाळी पाडव्याला टर्नटेबल घरात आलं, आता श्रावण लागायला आलाय. रोज साधारण तासभर आणि रविवारी तीन-चार तास ते चालतं. किंमत साडेसोळा हजार. बेल्टवर चालणारं, सुईकडून येणारा बारीक आवाज वाढवणारा फोनो प्रीअँप आतच बसवलेला, मिनिटाला ३३ आणि ४५ फेरे असे दोन वेग. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण मला सांगायचंय ते या किमतीच्या कुठल्याही मशीनला लागू पडेल. ख्याल ऐकणार असाल तर दुकानात त्यावर आधी तंबोरा ऐका. मी तो ऐकला नाही आणि दोन महिने चुकीच्या सुरात गाणी ऐकत बसलो.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आमच्या घराच्या माळ्यावर रविवारी संध्याकाळी आम्ही पाच जण जमतो. त्या आठवड्यात खरोखर जे ऐकत असू तेच आणायचं आणि एक पूर्ण बाजू मधे न बोलता ऐकायची, एवढाच नियम. पहिल्याच बैठकीला मी किशोरीताईंची (किशोरी आमोणकर) एका बाजूला भूप राग, दुसऱ्या बाजूला बागेश्री असलेली एलपी लावली होती. पुढं दोन महिने ती जवळजवळ रोज फिरत होती. आमच्यातला एक जण तबला वाजवतो. एका रविवारी त्यानं येण्याआधी मोबाईलवर हीच भूप लावून तबला मिळवून आणला होता. एलपी लागली, तंबोरा सुरू झाला आणि त्यानं चाटीवर, म्हणजे तबल्याच्या कडेवर, एकदा बोट ठेवून मान हलवली. "दादा, सूर चढलाय."

मला पटेना. फिरत्या चकतीवर फोन ठेवून वेग मोजणारं अ‍ॅप मिळतं, ते लावलं. मिनिटाला ३३.३ फेरे हवेत, तिथं ३४ भरले. दोन टक्के जास्त. ऐकायला किरकोळ वाटतं, पण सुरात ते एका अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्शाएवढं होतं. भूपचे पाचही स्वर सारखेच वर सरकल्यानं त्यांचं आपसातलं नातं बिघडत नाही, म्हणून माझ्या कानाला ते कळलं नव्हतं. सोबत तबला घेऊन बसणाऱ्याला लगेच कळलं. विकणाऱ्याला फोन केला तर "एवढं चालतंय" असं उत्तर मिळालं. मला ते मान्य नाही. गवयानं तंबोरा ज्या सुरात लावला त्याच सुरात तो माझ्या घरी वाजला पाहिजे. मशीन उलटं करून मोटारीजवळचं रबरी बूच काढलं, तर आत वेगाचा बारीक स्क्रू निघाला. तो अगदी थोडा फिरवल्यावर ३३.३ आले. तेव्हापासून महिन्यातून एकदा मोजतो, अजून हललेलं नाही.

तंबोऱ्यानं दुसरी गोष्टही कळते. वेग क्षणाक्षणाला कमीजास्त होत असेल तर जलद तानेत ते लपतं, पण तंबोऱ्याचा लांबलेला षड्ज झोके घेतो. माझ्याकडं एकाच एलपीवर तसं होत होतं. तिचं भोक मधोमध नाही हे नंतर दिसलं. ओळखायची खूण सोपी आहे: सुईचा दांडा दर फेऱ्याला डावी-उजवीकडं डुलतो. यात मशीनचा दोष नाही. जुन्या रेकॉर्ड विकत घेताना मात्र हे आवर्जून बघा.

वेगाची ही हकिकत सांगितली तशी आमचा शिरोलीला फौंड्रीत काम करणारा मित्र पुढच्या रविवारी माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' घेऊन आला. १९५९ ची जॅझमधली फार मोठी एलपी. ध्वनिमुद्रणाच्या वेळी यंत्र किंचित हळू चालत होतं, त्यामुळं नेहमीच्या वेगानं वाजवल्यावर पहिल्या बाजूची तिन्ही गाणी रेकॉर्डवर थोडी चढ्या सुरात आली. १९९२ च्या आवृत्तीत ते दुरुस्त झालं. म्हणजे तेहतीस वर्षं लोकांनी ती बाजू चढ्या सुरातच ऐकली. मी जॅझ कधी ऐकलं नव्हतं. त्या बाजूतला ट्रंपेट ऐकताना विलंबित ख्यालाची आठवण झाली. घाई कुठंच नाही, स्वर लावायचा आणि त्याच्यापाशी थांबायचं. आता महिन्यातून एकदा तरी ती मीच मागवून घेतो.

आता खरी तक्रार. एलपीचा वेग ठरलेला असला तरी सुई आत जाईल तसा घेर लहान होतो. बाहेरच्या कडेला सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सुईखालून सरकते, लेबलाजवळ जेमतेम २० ते २२. तेवढ्याशा जागेत तेवढंच गाणं कोंबलेलं असतं, म्हणून शेवटी आवाज चरचरतो. ख्यालात नेमकी द्रुत बंदिश शेवटी येते. त्या भूपमधली द्रुत बंदिश 'सहेला रे' ऐन रंगात यावी आणि 'स'ला करकर यावी, याचा फार त्रास व्हायचा. सोबत आलेल्या सुईचं टोक गोल होतं. अडीच हजारांत लंबगोल टोकाची सुई बसवली आणि जवळपास सगळा फरक तिथंच पडला. बजेट ठरवताना हे पैसे आधीच धरून ठेवा. सुई साधारण ५०० तास टिकते असं धरतात. माझे ३५० झालेत.

जुन्या लाखेच्या तबकड्यांना लागणारा ७८ फेऱ्यांचा वेग हे मशीन देत नाही. घ्यायच्या वेळी मी त्याकडं लक्ष दिलं नाही. आबांच्या पेटीत लाखेच्या अकरा तबकड्या आहेत आणि त्यात एक केसरबाईंची. शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादियाखाँसाहेब गायक होते, केसरबाई त्यांच्या शिष्या. त्यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर अंतराळात गेली. खाँसाहेबांच्या कोल्हापुरात, माझ्या घरात, त्यांच्या शिष्येची तबकडी आहे आणि मी ती लावू शकत नाही. लाखेच्या तबकडीची खाच रुंद असते, त्यामुळं नुसता वेग असून भागत नाही, सुईसुद्धा वेगळी लागते. घरात जुन्या तबकड्या असतील तर ७८ चं मशीनच घ्या. आबा दर महिन्याला विचारतात आणि मला उत्तर देता येत नाही.

माळ्याची जमीन लाकडी फळ्यांची. कुणी पाय टाकला की सुई उडायची. फौंड्रीवाल्यानं मोठ्या मशीनखाली घालतात ते रबरी पॅड आणले, त्यावर कडप्प्याचा तुकडा ठेवला, वर टर्नटेबल, आणि पाणसळ लावून चारही बाजू मिळवल्या. आता जिन्यावरून पोरं धावली तरी काही होत नाही.

कोल्हापूरचा पाऊस हा मोठा शत्रू. जुलैत पंधरा दिवस ऊन दिसलं नाही आणि तीन एलपींवर पांढरी बुरशी आली. डिस्टिल्ड वॉटरमध्ये साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेनं हात, मग साधं डिस्टिल्ड वॉटर. लाखेच्या तबकडीला स्पिरिट चुकूनही लावू नका, लाख विरघळते. रेकॉर्ड उभ्याच ठेवा. एप्रिलात एका मित्राची एलपी दुपारभर गाडीत राहिली आणि पापडासारखी वाकली. ती गेलीच.

सध्या माळ्यावर 'कॉल ऑफ द व्हॅली' फिरतेय. १९६७ ची, शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसादजींची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. मेंढपाळाचा एक दिवस त्यात सकाळच्या अहिरभैरवपासून उलगडत जातो. तिच्यातही भूप आहे, झपतालात. तबलजी मित्रानं ती आधी एकदा नुसती ऐकली, मग किशोरीताईंची भूप लावायला सांगितली, मग परत ही. तेच पाच स्वर, पण एकीकडं आवाजाची मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, अन् दुसरीकडं संतूरची तुटक तार. त्या रात्री साडेदहापर्यंत दोनच रेकॉर्ड वाजल्या. येत्या रविवारी आमच्या बैठकीतल्या ताई बाबूजींची भावगीतं आणणार आहेत. बाबूजी म्हणजे सुधीर फडके, जन्म कोल्हापूरचाच, १९१९ चा. आबा त्या दिवशी माळ्यावर चढून येतो म्हणालेत, त्यांच्यासाठी जिन्याला दोर बांधायचाय.