कोलेस्टेरॉलसाठी पूरक घ्यायचंच असेल तर कोणतं?

एलडीएल (रक्तातलं ‘वाईट’ कोलेस्टेरॉल) थोडंसं वाढलंय आणि डॉक्टरांनी अजून गोळी सुरू केलेली नाही, अशा माणसाने पूरकांपैकी (सप्लिमेंट्सपैकी) निवडायचं तर माझं मत इसबगोलाला. त्यातला विरघळणारा तंतू आतड्यात पित्ताम्लं धरून बाहेर काढतो, मग नवी बनवण्यासाठी यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल खेचून घेतं. रोज १० ग्रॅमच्या आसपास नियमित घेतलं तर एलडीएल साधारण ५ ते १० टक्के उतरतं. भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि इतर औषधांपासून दोनेक तासांचं अंतर ठेवा, नाहीतर त्यांचं शोषण कमी होऊ शकतं.

प्लांट स्टेरॉलचा (वनस्पतींतल्या कोलेस्टेरॉलसारख्या पदार्थांचा) दावाही तेवढ्याच घटीचा, रोज २ ग्रॅमला. ते अन्नातल्या कोलेस्टेरॉलचं शोषण रोखतात, त्यामुळे जेवणासोबतच घ्यावे लागतात. पण २०२२ मध्ये १९० जणांवर २८ दिवस झालेल्या ‘स्पोर्ट’ चाचणीत स्टेरॉल, लसूण, हळद, दालचिनी, फिश ऑइल आणि रेड यीस्ट राइस (लाल बुरशीने आंबवलेला तांदूळ) यांपैकी एकानेही एलडीएल प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा) लक्षणीय उतरवलं नाही. रोसुव्हास्टॅटिन या स्टॅटिन गटातल्या (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या) औषधाच्या अवघ्या ५ मिलिग्रॅमने मात्र ते सुमारे ३८ टक्के खाली आणलं. त्या चाचणीत इसबगोल नव्हतं.

रेड यीस्ट राइसबद्दल जरा थांबून विचार करा. त्यातलं मोनॅकोलिन के आणि लोव्हास्टॅटिन हे स्टॅटिन गटातलं औषध एकच रसायन आहे. ‘नैसर्गिक’ म्हणून घेतलेली ती कॅप्सूल म्हणजे स्टॅटिनच, पण प्रत्येक उत्पादनात मात्रा वेगळी. काहींत नावापुरती, काहींत औषधाइतकी. स्नायूदुखी आणि यकृताचा त्रास स्टॅटिनसारखाच होऊ शकतो. काही नमुन्यांत मूत्रपिंडाला घातक सिट्रिनिन हे बुरशीचं विषही सापडलंय. युरोपीय संघाने २०२२ मध्ये मोनॅकोलिनची दैनिक मात्रा ३ मिलिग्रॅमच्या आत ठेवण्याची सक्ती केली. आधीच स्टॅटिन चालू असेल, गर्भारपण असेल किंवा यकृताचा आजार असेल, तर हे घेऊच नका. स्टॅटिन नको म्हणून हे घ्यायचं, याला मला तरी काही अर्थ दिसत नाही.

फिश ऑइल ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसऱ्या प्रकारची चरबी) कमी करतं, एलडीएल नाही. उलट ते थोडं वाढूही शकतं.

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी, मधुमेहींनी किंवा एलडीएल १९० च्या वर असणाऱ्यांनी पूरकांच्या भरवशावर डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करू नये. इतरांनी सुरू करण्याआधी लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या कोलेस्टेरॉल-चरबीची तपासणी) करावं, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करावं आणि आकडा हलला नसेल तर पूरकावरचा खर्च थांबवावा.